कानसतात्या आणि केसाएवढा सूर

इतर माणसं शर्टाच्या खिशात पेन ठेवतात. आमच्या तात्यांच्या खिशात कानस असे. बोटाएवढी, बारीक दातांची, एका टोकाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली. लग्नाला जाताना, मर्तिकाला जाताना, मत द्यायला जाताना ती खिशात असायचीच. कुणी नवी वस्तू दाखवली की तात्या डोळ्याला भिंग लावायचे, वस्तू चहूबाजूंनी फिरवायचे आणि पंचांनी निकाल द्यावा तसं सांगायचे, "बरी हाय. पण थोडी घासायला लागंल." त्यामुळे चिंचणीत त्यांचं खरं नाव मतदारयादीपुरतं उरलं होतं. बाकी सगळीकडे ते कानसतात्या होते.

आमच्या आळीत नवी वस्तू तात्यांना न दाखवता वापरायची पद्धत नव्हती, आणि दाखवल्यावर आनंदाने वापरायची सोय नव्हती. नव्या कुकरचं झाकण, दाराची कडी, चष्म्याची काडी, सगळ्यांवर त्यांची कानस फिरलेली. एकदा शेजारच्या आप्पांनी पालघरच्या डॉक्टरांकडून कवळी बसवून आणली. डॉक्टर शिकलेले, दवाखान्यात फिरती खुर्ची. तात्यांनी ती कवळी हातात घेतली, भिंगातून बघितली आणि आप्पा "नको, नको" म्हणेपर्यंत दोन ठिकाणी घासूनही टाकली. आप्पांच्या घरच्यांनी आठवडाभर तात्यांशी अबोला धरला. आप्पा मात्र दुसऱ्या दिवसापासून त्या कवळीने सुपारी फोडायला लागले, हे कबूल करणं भाग आहे.

तात्यांचा धंदा डायचा. चिंचणीत पडवीत बसून पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्यांचे साचे कोरणारी घरं आहेत, त्यांतलं त्यांचं एक. पोलादात फूल उलटं कोरायचं, म्हणजे त्यावर पत्रा ठोकला की सुलटं उमटतं. जन्मभर उलटं बघण्याची सवय झाल्यामुळे तात्यांना सुलट काही दिसतच नाही, असं आमचं मत होतं. आमचं म्हणजे माझं आणि दिगूचं. मी तेव्हा पंचविशीतला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, त्यामुळे जगातलं निम्मं ज्ञान मला होतं. दिगू आमच्या बेंजो पार्टीचा मालक, ढोलकी वाजवायचा. उरलेलं निम्मं त्याच्याकडे होतं. तात्यांकडे फक्त एक वाक्य होतं: "तयार मिळतं ते दुसऱ्याच्या मापाचं असतं."

आमची पार्टी लग्नाच्या हळदीला आणि वरातीला वाजवायची. मी बेंजो, दिगू ढोलकी, ताशाला दोघं-तिघं आणि पेटीला तात्या. पण हळदीच्या मांडवात आमचं काही सुरू होण्याआधी धवले व्हायचे. लग्नाची ही गाणी धवलारणीने म्हणायची, मगच नवऱ्याला हळद लागायची, ही आमच्या किनाऱ्याची रीत. आमच्या भागातली धवलारीण म्हणजे मथूमावशी. साठी उलटलेली, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आवाज असा की मांडवातली भांडणं थांबायची. तिच्या मागे तात्या पेटी धरायचे. दोघं कधी एकमेकांकडे बघायची नाहीत, आधी काही ठरवायची नाहीत. तीस वर्षांत त्यांना कुणी "कुठल्या पट्टीत?" असं विचारताना ऐकलं नव्हतं.

या पेटीची एक गंमत होती. ती जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पेटीशी जुळत नसे. पालघरचे एक भजनीबुवा एकदा हौसेने तिच्यावर बसले आणि पहिलाच सूर दाबून विंचू चावल्यासारखे उठले. तात्यांनी ती पेटी उघडून आतल्या पितळी पट्ट्या एकेक करून कानशीने खरवडल्या होत्या. टोकाला खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. बुवा म्हणाले, "अहो, ही पेटी बिघडवलीत तुम्ही." तात्या म्हणाले, "जिच्यासाठी हाय तिला जमते." मथूमावशीचा सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी होता. जगाने तिथे पट्टी ठेवलेली नाही, म्हणून तात्यांनी ती सगळी पेटीच तिकडे सरकवली होती. आम्हाला हे माहीत होतं आणि आम्ही त्यावर पोट धरून हसायचो.

हसणं थांबलं ते बोईसरच्या एका पार्टीने सिंथेसायझर आणला तेव्हा. हळदीला आमच्या बेंजोवर नाचणारी मंडळी तिथे जाऊन ऐकून आली आणि आमच्याकडे बघायची त्यांची नजरच बदलली. त्या मशीनमध्ये म्हणे बासरी होती, सनई होती, व्हायोलिन होतं, एक बटण दाबलं की ढोल आपोआप वाजायचा, तोही न चुकता. शेवटच्या गोष्टीने दिगूच्या वर्मावर घाव बसला. एका हंगामात आमच्या चार सुपाऱ्या गेल्या, त्यातली एक दिगूच्या सख्ख्या मावसभावाच्या लग्नाची. मग पार्टीची बैठक बसली आणि सर्वांनी मिळून जेमतेम सहा हजार रुपये उभे केले. एवढ्यात येईल तो सिंथेसायझर घ्यायचा असं ठरलं. निवडायला कोण, तर तात्या. त्यांच्याइतका कान कुणाला नव्हता आणि भिंगही त्यांच्याचकडे होतं. म्हणजे ज्या माणसाची पेटी या मशीनमुळे अडगळीत जाणार होती, त्यालाच आम्ही मशीन निवडायला पाठवलं. अक्कल हा प्रकार आमच्या पार्टीत वर्गणी काढून जमवावा लागला असता.

पहिली मोहीम बोईसरच्या दुकानात. दुकानदाराने मशीन चालू केली आणि शंभर आवाज वाजवून दाखवले. त्यात कुत्र्याचं भुंकणं होतं, आगगाडी होती, टाळ्यांचा कडकडाट होता. दिगू एवढा भारावला की टाळ्या त्यालाच मिळाल्यासारखा लाजला. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एक पट्टी दाबली आणि विचारलं, "हा सूर जरा खाली आणायला काय करायचं?"

"चाचा, नीचे का बटन दबाओ ना," दुकानदार म्हणाला.

"तेवढा नाय. केसाएवढा."

दुकानदाराने मोठ्या उत्साहाने एक बटण दाखवलं. ते दाबलं की सगळी मशीन एक पट्टी वर, पुन्हा दाबलं की एक पट्टी खाली. तात्यांनी मान हलवली. "हा पायरी चढतो. मला पायरी नको, उंबरठा पायजे." दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. तेवढ्यात तात्यांनी मशीन उलटी केली, तळाचे स्क्रू न्याहाळले आणि खिशाला हात घातला. कानस बाहेर आलेली बघून दुकानदाराने मशीन अशी काही छातीशी धरली, की ती सुटली ती थेट खोक्यात.

दुसरी मोहीम पालघरला, आखातातून परतलेल्या एका साहेबांकडे. त्यांच्या मशीनवर एक बटण असं होतं की ते दाबलं की एक आख्खी चाल आपोआप वाजायची. साहेब त्यावर नुसती बोटं नाचवायचे आणि डोळे मिटायचे. आम्ही मनापासून वाहवा केली. नंतर साहेब पाणी आणायला आत गेले, तरी चाल सुरूच होती. तात्या म्हणाले, "शंभर आवाज हायत. पण एक बी वळत नाय." असं दीड वर्ष चाललं. मनोर, डहाणू, विरार. जिथे कुणाच्या मेव्हण्याकडे मशीन असल्याची कुणकुण लागे तिथे तात्या भिंग घेऊन हजर, आणि सगळीकडे केसाएवढा प्रश्न. मुलगी बघायला जाणाऱ्या कुठल्याही वरबापाने इतकी स्थळं नाकारली नसतील. गावात बोलायला लागले, की म्हाताऱ्याला पेटी सोडायची नाही म्हणून सगळी नाटकं चालली आहेत. बोलणाऱ्यांत मी पुढे होतो.

शेवटी आम्ही तिघे मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथल्या एका जिन्याखालच्या दुकानात तात्यांना ती दिसली. जुनी, जड, लाकडी बाजूंची मशीन, वरच्या टोकाच्या दोन पट्ट्या मेलेल्या. अंगभर गोल बटणं, बासरी-सनई असं कुठे काही लिहिलेलं नाही. ढोल नाही, कुत्रा नाही, टाळ्या नाहीत. आणि दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी वाजणार एकच सूर. दुकानदार बिचारा प्रामाणिक होता. तो म्हणाला, "काका, ही आता कोणी घेत नाही. शिवाय हिला एक खोड आहे. तापली की हिचा सूर हळूहळू वर चढतो."

"तापली की चढते?" तात्यांनी भिंग खाली केलं. "मथू बी चढते."

कोपऱ्यात "ट्यून" लिहिलेलं एक बटण होतं. तात्या ते अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून तासभर फिरवत राहिले. सूर केसाएवढा चढत होता, केसाएवढा उतरत होता. एरवी कशालाच बरं न म्हणणारा माणूस ती मशीन घासायला लागेल असं म्हणायला विसरला. पैसेही आमच्या बेतात बसत होते. पण मी म्हणालो, "तात्या, लोक शंभर आवाजांच्या मशीन घेतायत आणि आपण एका वेळी एकच सूर वाजवणारी घ्यायची?"

तात्या म्हणाले, "मथू एका वेळी किती सूर गाते?"

उत्तर नसलेल्या माणसाला राग फार लवकर येतो. मी दुकानाबाहेर जाऊन चहा प्यायलो, दिगूने मला साथ दिली आणि मशीन न घेताच आम्ही तिघे परतलो. पुढच्या आठवड्यात तात्या साच्यांचा माल पोचवायला गेले असताना आम्ही बोईसरला जाऊन ती शंभर आवाजांची मशीन घेऊन आलो. कुत्र्यासकट. तात्यांनी ती बघितली. भिंग काढलं नाही, कानस काढली नाही. "छान हाय," एवढंच म्हणाले. त्यांनी कशालाही छान म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि मूर्खासारखा खूश झालो.

मशीनचं पहिलं लग्न दातिवऱ्याला, एका मच्छीमार कुटुंबात. मथूमावशीला खास चिंचणीहून बोलावलं होतं, कारण नवऱ्याच्या आईच्या लग्नातही धवले तिनेच म्हटले होते. मी तात्यांना सांगितलं, "टेम्पोत जागा नाय तात्या, पेटी राहू दे." जागा होती. पेटीच्या जागेवर आम्ही दोन मोठे स्पीकर ठेवले होते. तात्या टेम्पोच्या मागच्या फळीवर स्पीकरला टेकून बसून आले. मांडवाबाहेर जवळा वाळत घातला होता, आत पोरी नटूनथटून आमच्या मशीनभोवती गोळा झाल्या होत्या. मी बाह्या दुमडून बसलो होतो.

मथूमावशीने धवला सुरू केला. मी तिचा सूर शोधायला लागलो. पांढरी पाच दाबली, ती मावशीच्या खाली. काळी चार दाबली, ती वर. पायरीचं बटण दाबलं, मशीन इकडची तिकडे गेली आणि पुन्हा तेच. त्यात स्पीकर दोन, मोठे. तिचा आवाज आणि माझा सूर मांडवात एकमेकांना घासत राहिले, दातांत वाळू आल्यासारखे. पोरी हसायला लागल्या. नवऱ्याचा भाऊ मोठ्याने म्हणाला, "आजीचा सूर हलला वाटतं. मशीन तर जपानची हाय, ती कशी चुकंल?"

मावशीने ते ऐकलं. तिने मशीनच्या सुराला आपला सूर लावायचा प्रयत्न केला. चाळीस वर्षं एका जागी लागणारा आवाज तिथून उचलून केसभर बाजूला ठेवायचा होता. तो मधेच फाटला. तिने तोंडावर पदर घेतला आणि खाली बसली. मी मान वर करून तात्यांकडे बघितलं. ते खांबाला टेकून उभे होते आणि त्यांचा हात खिशातल्या कानशीवर होता, पण घासायला तिथे काहीच नव्हतं.

मग मी काय केलं? तर ढोलचं बटण दाबलं. मांडव नाचायला लागला, शिट्ट्या पडल्या, आमचा जयजयकार झाला आणि तिथल्या तिथे तीन सुपाऱ्या मिळाल्या. इतकं मोठं यश आमच्या पार्टीने आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी हसणाऱ्या पोरींपैकी एक पुढे माझी बायको झाली, तेव्हा काही न्याय तिथल्या तिथेही मिळतो असं मानायला जागा आहे.

त्यानंतर मथूमावशी गायची थांबली. बोलावणं आलं की "गळा बसलाय" म्हणायची. धवले मग कुणीही म्हणायला लागलं, कधी नुसतेच उरकले जायचे, आणि मशीन जोरात चालली होती. तात्या एका दुपारी आपली पेटी घेऊन तिच्या अंगणात गेले. मी बरोबर होतो. मला तोंड दाखवायची लाज होती, पण पेटी जड होती आणि तात्यांनी "उचल" म्हटलं होतं. मावशी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तात्यांनी सूर धरला. ती शेंगा सोलत राहिली.

"बंद कर रे तात्या," ती शेवटी म्हणाली. "तुजी पेटी मला सांभाळून घेते. तीस वरसं सांभाळलंस, उपकार झाले. मशीन खरं बोलली. मी बेसूरच होते, तुमी कोण सांगितलं नाय."

तात्यांनी पेटीचा भाता बांधला. घराच्या पायरीशी आल्यावर म्हणाले, "वसंता, पेटीवर तिचा विश्वास नाय आता. मशीननंच सांगायला पायजे." आणि दोन दिवसांनी त्यांनी ती पेटी विकायला काढली. जगाशी न जुळणारी पेटी घेणार कोण? शेवटी एका भजनी मंडळाने पट्ट्या बदलून घेऊ म्हणून कमी भावात ठरवली आणि पैसे आगाऊ दिले. लॅमिंग्टन रोडच्या त्या मशीनला कमी पडणाऱ्या रकमेसाठी तात्यांनी आपलं कोरायचं निम्मं सामान एका पुतण्याला दिलं. हा हिशेब त्यांनी मला सांगितला नाही. मला तो त्यांच्या रिकाम्या पडवीने सांगितला.

पेटी जायच्या आधी मी आणि तात्या पुन्हा लॅमिंग्टन रोडला जाऊन ती एकसुरी मशीन घेऊन आलो. मधल्या काळात भाव थोडा उतरला होता, एक पट्टी आणखी मेली होती. तात्यांनी पेटी आणि मशीन पडवीत शेजारी ठेवली. वीज आमच्या किनाऱ्यावरच, तारापूरला तयार होते, आणि आम्हाला भेटायला सवड मिळेल तशी येते. ती आल्यावर मी मशीन चालू केली. तात्यांनी डाव्या हाताने पेटीचा सूर धरला, उजव्या हाताने ते बटण फिरवायला लागले. दोन सूर आधी एकमेकांवर थरथरत होते. मग थरथर मंद झाली, आणखी मंद, आणि एका क्षणी थांबली. पेटी वाजते आहे की मशीन, ते कळेना. तात्यांनी कानस काढली आणि बटणाच्या कडेवर, अगदी समोर येईल असा, खुणेचा एक घाव घातला. तेवढंच काय ते त्या मशीनवर त्यांना घासावं लागलं.

मग ती मशीन आम्ही मथूमावशीच्या अंगणात नेली. तार खिडकीतून आत नेली. तात्यांनी मुद्दाम जोरात सांगितलं, "मथू, ही बी जपानची हाय. हिला सांभाळून घेता येत नाय. खरं काय ते बोलंल." आणि सूर लावला.

मावशीने हातातलं सूप खाली ठेवलं आणि तोंड उघडलं. पहिला शब्द घाबरत आला. तो सुरावर बसला तशी तिने मान वर केली, दुसरी ओळ घेतली, तिसरी घेतली. अर्ध्या तासाने मशीन तापली आणि चढायला लागली. मी घाबरून तात्यांकडे बघितलं. त्यांनी बटणाला हात लावला नाही. मावशीही चढत होती. इतकी वर्षं ती प्रत्येक लग्नात अशीच चढायची आणि पेटी बिचारी खाली राहायची, हे मला त्या दिवशी कळलं. गाणं संपल्यावर मावशी म्हणाली, "मग ती दातिवऱ्याची मशीन?"

"ती दुसऱ्याच्या मापाची होती," तात्या म्हणाले.

मला तिथे रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही, लाज वाटण्यासारखं मी आधीच करून बसलो होतो. पुढे सात-आठ वर्षं मथूमावशी गायली. दिगूची शंभर आवाजांची मशीन नाचायला आणि तात्यांची एका सुराची मशीन हळदीला, अशी आमच्या पार्टीत वाटणी झाली. लोक विचारायचे, "हिच्यात काय काय हाय?" तात्या सांगायचे, "मथू हाय." माझ्या लग्नातही ती दोघं होती. दातिवऱ्याची नवरी धवले ऐकताना मान खाली घालून बसली होती. सगळ्यांना वाटलं, लाजतेय.

मथूमावशी एका श्रावणात गेली. तात्यांनी त्यानंतर मशीन वाजवली नाही. हात कापायला लागले होते, डायचं काम सुटलं होतं. एक दिवस त्यांनी मला बोलावलं, मशीन माझ्यापुढे सरकवली, वर ती चिंधी गुंडाळलेली कानस ठेवली. मी म्हणालो, "तात्या, मला कसली कानस? मला काय येतं घासता?" ते म्हणाले, "ते बरंच हाय. तुला येत असतं तर दिली नसती." मग बटणाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे हलवू नको." त्याच वर्षी, होळीच्या आधी तेही गेले. त्यांना पोचवायला निम्मी चिंचणी आली होती आणि सगळ्यांच्या घरी त्यांनी घासलेलं काही ना काही होतं. आप्पा कवळी घालून आले होते.

गेल्या महिन्यात मशीनचा आवाज अडकायला लागला म्हणून मी बोईसरच्या एका मुलाला घरी बोलावलं. हुशार मुलगा. त्याने मागचं झाकण उघडलं, दोन तारा जोडल्या, आणि जाता जाता हातासरशी ते बटणही फिरवलं. "अंकल, ट्यूनिंग बहुत आऊट था. ठीक कर दिया," म्हणाला. मी त्याला चहा दिला, आभार मानले. तो गेल्यावर दार लावून घेतलं, तात्यांचं भिंग माझ्याकडे नाही म्हणून चष्मा पुसला, आणि बटण चिमटीत धरून कानशीचा तो घाव केसाकेसाने पुन्हा समोर आणला. मग बरोबर बसला की नाही ते बघायला एकच पट्टी दाबली आणि धरून ठेवली.

आत बायको मासळी साफ करत होती. तिने हात थांबवला आणि विचारलं, "कोण, मथूमावशी आल्या?"

आणि मग तिचं तिलाच आठवलं. मी पट्टी सोडली नाही.